मुंगी हाऊस, एकूण चौदा

आइस्क्रीमचे रिकामे डबे घरात कोणी मुद्दाम जमवत नाही. तरी एके दिवशी वरचं कपाट उघडावं तर ते धडाधड डोक्यावर पडतात. आमच्या ऑफिसातल्या किश्श्यांचं तसंच झालंय. परवा माहेरी गेले होते. भावाने सहज विचारलं, "काय गं, ऑफिस कसं चाललंय?" आणि मी जी सुरू झाले, ती वहिनी "ताई, वरण दुसऱ्यांदा गरम केलंय" म्हणेपर्यंत थांबले नाही.

तर आमचं ऑफिस खराडीला, तिसरा ते पाचवा मजला. मी टेस्टिंगमध्ये. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढायच्या. पुण्यात जन्मलेल्या माणसाला याचं वेगळं ट्रेनिंग लागत नाही!

दोन वर्षांपूर्वी एचआरच्या ऋचाला वाटलं, की लोक एकमेकांशी बोलतच नाहीत, नुसते मेल पाठवतात. म्हणून तिने एक जादूची शाळा काढली. अर्थात कागदावर. नाव 'मंतरगड विद्यालय'. आम्ही सगळे तिचे विद्यार्थी आणि आमची चार हाऊसेस. पॅन्ट्रीत पोस्टर लागली. गरुड हाऊस: धाडस. मोर हाऊस: कला आणि रुबाब. मुंगूस हाऊस: चलाखी. मुंगी हाऊस: कष्ट, प्रामाणिकपणा, शिस्त, सोबत, इत्यादी.

हे 'इत्यादी' फक्त आमच्याच पोस्टरवर होतं.

हो, मी मुंगी. त्यात मला स्वतःला काही वाटलं नसतं, पण माझी मुलगी इरा दहा वर्षांची आहे आणि जादूच्या गोष्टींचं पुस्तक उशाशी घेतल्याशिवाय झोपत नाही. मी घरी येऊन सांगितलं तर तिने हातातला चमचाच खाली ठेवला.

"आई, मुंगी? मी वर्गात सांगून टाकलंय की तू गरुड आहेस!"

तिच्या वर्गातल्या स्वराचे बाबा आमच्याच ऑफिसात, आणि ते अस्सल गरुड. फेब्रुवारीत फॅमिली डे. सगळ्यांनी हाऊसचा बिल्ला लावून यायचं. म्हणजे तोपर्यंत मी गरुड झाले नाही, तर माझी मुलगी अख्ख्या वर्गात खोटी पडणार होती. हाऊस बदलण्याची सोय होती, वर्षातून एकदा, फॉर्म भरून. मी त्याच दिवशी ठरवलं, की काही झालं तरी फॉर्म भरायचा.

*

हाऊस ठरवायला ऋचाने मोबाइलवर प्रश्न पाठवले होते. त्यातला एक असा: "किल्ल्यात फिरताना तुम्हाला एक अनोळखी दार दिसतं. तुम्ही काय कराल?"

स्वराच्या बाबांनी लिहिलं, "लाथ मारून उघडेन." गरुड! एकाने लिहिलं, "आधी दुसऱ्याला आत पाठवेन." मुंगूस!

आमचा विकास काळभोर सर्व्हर सांभाळतो. रोज लोणी काळभोरहून येतो. त्याने लिहिलं, "उघडं आसंल तर लावून घेतो. कुत्री शिरत्यात."

आणि सलीम इनामदार काका. राहणार खडकी, ऑफिसात सगळ्यांत सीनियर, आमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलणारे, आणि कोणालाही 'अहो-आपण' केल्याशिवाय न टोचणारे. ऋचाने त्यांना समोर बसवून विचारलं.

"दारावरची पाटी वाचेन," काका म्हणाले.

"आणि पाटी नसली तर?"

काकांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. "आपण पुण्यात नवीन का?"

काका थेट मुंगी हाऊसचे कॅप्टन झाले. मी काय लिहिलं होतं? "दार वाजवून थांबेन." पुढचं काही विचारू नका.

*

पहिली स्पर्धा होती खजिन्याची शोधाशोध. ऋचाने तिन्ही मजल्यांवर चिठ्ठ्या लपवल्या होत्या. एका चिठ्ठीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, असं करत शेवटी चॉकलेटांनी भरलेली लाल पेटी. गरुडांनी दोन खुर्च्या मोडल्या. मुंगसांनी दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या पळवून खोट्या ठेवल्या. मोर मंडळी चिठ्ठ्यांसोबत फोटो काढत होती. साडेतीन तास झाले, पेटी कोणालाच मिळेना. शेवटी ऋचा स्वतः शोधायला निघाली. जिन्याखाली ठेवलेली पेटी तिलाही सापडेना, तेव्हा ती रडकुंडीला आली.

काका शांतपणे म्हणाले, "लाल पेटी का? ती आम्हाला सकाळी दहालाच दिसली."

"मग?"

"बेवारस होती. सिक्युरिटीकडे जमा केली. पावती आहे."

पावतीवर चौदा सह्या होत्या. आमच्या अख्ख्या हाऊसच्या!

*

मग नाटुकल्यांची स्पर्धा. मुंगूस हाऊसच्या केतकीला आमची गोष्ट आधी कळायला हवी होती. तिने काळभोरला चहाला नेलं आणि गोड गोड बोलून विचारलं, "विकास, तुमचं काय ठरलंय रे?"

काळभोरने सगळं सांगितलं. एक राक्षस हाय, तो गावाचं पाणी आडवतो, गाववाले रोज एक दगड काढत्यात, वर्षभराने पाणी येतं. मी राक्षस हाय. तिसऱ्या सीनला माझी मिशी पडती, पण ती मुद्दाम न्हाय, गोंद खराब हाय.

केतकी परत गेली आणि आपल्या लोकांना म्हणाली, "एवढं सरळ कोणी सांगतं का? नक्की उलट आहे. राक्षस नाहीच, मिशी हा सिग्नल आहे." त्यांनी दोन दिवस बसून आमची 'खरी' गोष्ट ओळखली आणि तिची टर उडवणारं नाटुकलं बसवलं.

स्पर्धेच्या दिवशी आमच्या नाटुकल्यात राक्षस होता, पाणी होतं, दगड होते. तिसऱ्या सीनला मिशी पडली. मुंगसांचं नाटुकलं कशाची टर उडवतंय हे शेवटपर्यंत कोणालाच कळलं नाही. केतकी काळभोरशी आठवडाभर बोलली नाही. म्हणाली, "खरं सांगून फसवलंस मला!"

*

आता आमच्या हाऊसची एक पद्धत सांगायला हवी. काकांकडे एक लांबट वही असते. तिच्यात आमची चौदा नावं. दुपारी सगळे टेबलाशी आले, की काका एकेका नावापुढे टिक करतात. चौदा टिक होईपर्यंत कोणी डबा उघडायचा नाही. एखादा मीटिंगमध्ये अडकला तर बाकीचे तेरा डब्यांकडे बघत बसतात. शेवटचा आला, की काका वही मिटतात आणि म्हणतात, "झाले चौदा. उघडा डबे." काकांचे वडील खडकीच्या कारखान्यात होते. तिथे शिफ्ट सुटली की माणसं मोजूनच गेट बंद व्हायचं म्हणे. ते काकांच्या रक्तात उतरलंय.

सुरुवातीला मला या प्रकाराचा वैताग यायचा. पण एकदा मी तापातून उठून चार दिवसांनी ऑफिसला गेले, तर वहीत माझ्या नावापुढे चार दिवस 'घरी, ताप' असं लिहिलेलं होतं आणि शेवटच्या दिवशी 'उतरला'. मला भरूनच आलं. घरी कोणी इतकं लिहून ठेवत नाही हो!

तर, फायर ड्रिल. आगीची रंगीत तालीम. घंटा वाजली की सगळ्यांनी जिन्याने खाली यायचं, आणि हाऊसप्रमाणे वेळ मोजायची. गरुड पावणेदोन मिनिटांत खाली. मोर चार. मुंगूस तर घंटेच्या आधीच खाली, त्यांना बातमी लागली होती. आम्ही?

झालं असं, की मी जिन्यात आले आणि लक्षात आलं, काळभोर मागे नाही. मी त्याला शोधायला परत वर गेले. काळभोर दुसऱ्या जिन्याने खाली पोचला होता. त्याला मी दिसेना, म्हणून तो मला शोधायला वर. आम्ही दोघं नाही म्हणून आणखी तिघं वर. असं करत करत चौदाही मुंग्या तीन मजल्यांवर एकमेकांना शोधत फिरत होत्या. एकोणीस मिनिटांनी आम्ही रांगेत बाहेर आलो.

सेफ्टी ऑफिसर लालेलाल झाले होते. "अहो, खरी आग असती तर काय केलं असतं तुम्ही?"

काळभोर म्हणाला, "आजून जोरात शोधलं आसतं!"

*

जानेवारीत मी फॉर्म भरला. त्यावर कॅप्टनची सही लागते. 'हाऊस बदलण्याचे कारण' यापुढे मी लिहिलं होतं, "व्यक्तिमत्त्व विकास." काकांनी ते वाचलं आणि फॉर्म माझ्याकडे परत सरकवला.

"अहो मंजिरीताई, आपल्या हाऊसमध्ये असं लिहायची पद्धत नाही."

मग मी खरं ते सांगितलं. इरा, वर्ग, स्वराचे बाबा, सगळं. काका हसले नाहीत. त्यांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहिलं, "कारण: मुलीने शाळेत सांगून ठेवले आहे." आणि खाली शिफारसही जोडली, की मंजिरीताईंनी थेट साहेबांच्या तोंडावर 'हे चालत नाही' असे आजवर तीनदा सांगितल्याचे मी पाहिले आहे, तरी त्यांना गरुड करण्यास हरकत नसावी.

मला इतकं वाईट वाटलं, की मी म्हटलं, "काका, राहू द्या."

"राहू कसं द्या? लेकरू खोटं पडेल."

"मग वहीतून माझं नाव खोडणार?"

"बघू. पेन चालत नाहीये," काका म्हणाले, आणि त्याच पेनाने त्यांनी फॉर्मवर सही केली.

*

फॅमिली डे. माझ्या छातीवर गरुडाचा कोरा करकरीत बिल्ला. इरा मला हाताला धरून ऑफिसभर फिरवत होती, स्वराला दाखवत होती. मुंग्यांच्या टेबलाशी मात्र ती जरा रेंगाळली, कारण तिथे काळभोर मिशी लावून राक्षसाचा आवाज काढत होता आणि मिशी पडत होती. पाचव्या मजल्यावर पावभाजीचे स्टॉल होते. फुकटची पावभाजी असूनही मुंग्यांनी डबे आणले होते. "कमी पडली तर?" असं त्यांचं म्हणणं. दुपारचा एक वाजत आला, पण वही उघडलेली नव्हती, म्हणून डबेही बंद.

इराला चेहऱ्यावर गरुड रंगवून घ्यायचा होता. तिला स्वराच्या बाबांजवळ रांगेत उभी करून मी खाली गेटपाशी आले, यंदा गरुड झालेल्या नव्या लोकांचा फोटो होता म्हणून. फोटोग्राफर "स्माइल" म्हणाला आणि घंटा वाजली.

या वेळी ड्रिल नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांतून धूर येत होता.

माणसं धाडधाड खाली आली. स्वरा आली, तिचे बाबा आले.

"इरा कुठेय?"

"मागेच होती हो आत्ता!" ते म्हणाले.

मी जिन्याकडे पळाले. गार्डने दारातच अडवलं. "मॅडम, वर जाता येणार नाही." तेवढ्यात त्याच्या वॉकीटॉकीवर आलं, "आग नाही, आग नाही, तव्यावरची भाजी करपलीय." सगळे हसले. मी मात्र दारातून हलले नाही. आग नाही हे ठीक, पण त्या धुरात, त्या गर्दीत माझी पोरगी कुठे होती?

सेफ्टी ऑफिसर घड्याळ घेऊन आले. "गरुड?"

"सगळे बाहेर! पावणेदोन मिनिटं!" स्वराच्या बाबांनी जाहीर केलं. टाळ्या पडल्या.

"मोर?" आले होते. "मुंगूस?" कधीचेच आले होते.

"मुंगी?"

कोणीच नाही. लोक पुन्हा हसायला लागले. एकजण म्हणाला, "शोधत असतील एकमेकांना!" पाच मिनिटं गेली. दहा गेली. मी गार्डच्या हाताखालून वाकून आत शिरणार, इतक्यात जिन्यात पावलं वाजली.

सगळ्यांत पुढे इरा. चेहऱ्यावर अर्धाच रंगवलेला गरुड, चोच होती, डोळे राहिले होते. काखेत ती लांबट वही. तिचा हात धरून इनामदार काका, त्यांच्यामागे रांगेत दहा-बाराजण, आणि शेवटी घामाघूम झालेला काळभोर. सगळे खोकत होते, आणि प्रत्येकाच्या हातात न उघडलेला डबा.

इराने मला पाहिलं. मला वाटलं, आता धावत येऊन बिलगेल. ती जागेवरच थांबली आणि कमरेवर हात ठेवले.

"आई! तू इथे खाली आहेस? आम्ही तीन मजले तुला शोधतोय!"

"अगं, पण मी तर..." मी बिल्ल्यावर बोट ठेवलं.

तिने बिल्ल्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काकांकडे वळून म्हणाली, "आजोबा, सापडली. पेन द्या."

काकांनी खिशातलं पेन काढून दिलं. इराने गुडघ्यावर वही उघडली. तेरा टिक झालेल्या होत्या. तिने बोट खाली नेत नेत शेवटच्या नावावर आणलं, जीभ बाहेर काढून त्यापुढे भलीमोठी टिक केली, आणि वही फटकन मिटली.

"झाले चौदा," काका म्हणाले. "उघडा डबे."