त्रिकोणाची अक्षरं बदलली तेव्हा

दोन हजार सहाच्या जानेवारीत प्रभावती खोब्रागडे मॅडमनी दहावीच्या सराव परीक्षेत एक खोडी काढली. पांढरकवड्याजवळच्या त्यांच्या शाळेतली पोरं कापूस वेचता वेचताही प्रमेयं घोकत असत. मॅडमनी फक्त त्रिकोणाची अक्षरं बदलली. एबीसीचा पीक्यूआर केला.

एकेचाळीसपैकी अडतीस जण आडवे झाले.

"मॅडम, हा त्रिकोण आपला नाही," दीपमालेनं तक्रार केली. "आपला एबीसी होता!"

मॅडमना हसू आवरेना. पण मार्चमध्ये हीच पोरं बोर्डाला बसणार होती.

मुख्याध्यापक पुंडलिकराव ढोट्यांनी डोक्याला हात लावला. यंदाही निकाल पडला तर दहावीचा वर्ग बंद, अशी तंबी संस्थेनं दिली होती. "अपेक्षित प्रश्न पाठ करून घ्या ना मॅडम. कायले नसती भानगड?"

मॅडमनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी बैलाचा कासरा घेऊन वर्ग मैदानात नेला. कासऱ्याची टोकं बांधून तिघींनी तो ताणून धरला. झाला त्रिकोण दीपमाला-सुरभी-नयन! एकजण हलली की कोन बदले, आणि का बदलला ते बाकीच्यांनी सांगायचं. पाठांतर तिथं कुणाच्याच कामी येईना.

पुंडलिकराव तरातरा आले. "परीक्षा तोंडावर आली अन् तुमी दोरी खेळून राह्यल्या?"

"सर, दीपमालेची जागा घेता जरा?"

सरांनी बावचळून कासरा धरला. सुरभी आणि नयन एकमेकींपासून लांब सरकल्या, तसे सर पुढं ओढले गेले.

"सरांचा कोन वाढला!" पोरं ओरडली.

"काहून?" सरांच्या तोंडून निघून गेलं.

"तुमच्या समोरची बाजू लांबली ना, सर," दीपमाला म्हणाली.

सर अर्धा तास मैदानातून हलले नाहीत.

जूनमध्ये निकाल लागला. गणितात सव्वीस जण पास झाले. वर्ग वाचला. पण नापास झालेली कौसल्या शाळेकडं फिरकेना, तेव्हा मॅडम तिच्या शेतात गेल्या. ती आईसोबत सरकी टोबत होती, बोटानं मातीत खड्डा करून एकेक बी पुरत.

"ऑक्टोबरचा फॉर्म भर."

"मले नाही जमत, मॅडम. तुमाले काय समजते नापास होणं!"

"मी दहावीत गणितातच उडाले होते. दोनदा."

कौसल्यानं आईकडं पाहिलं. मग मायलेकी अशा हसल्या, की धुऱ्यावरचे बगळे बांध सोडून उडाले. हात फडक्याला पुसत कौसल्यानं विचारलं, "फॉर्म आणला का?"