गिरणीचं पाणी, साहेबांची बाटली आणि आजचे शिंगाडे

मंडळी, आज सकाळी मासोळ्या धरणाऱ्या आमच्या सुमनबाईनं पदरभर शिंगाडे आणून दिले, आमच्या जुन्या गिरणीमागच्या तळ्यातले. सोलता सोलता बाबा आठवले.

ऐंशीच्या दशकात वरठीजवळ आमची उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाची गिरणी होती. धान भिजवलेलं आंबूस पाणी सरळ त्या तळ्यात जायचं. मासोळ्या मरायच्या, अन् सुमनबाईच्या घरचं पोट त्याच मासोळ्यांवर. पाणी सोडायला परवानगी लागते म्हणून बाबांनी अर्ज केला. प्रदूषण मंडळाचे एक साहेब त्या पाण्याचा नमुना घ्यायला आले.

बाबांनी त्यांची बाटली घासली अन् विहिरीचं पाणी गाळून भरून दिलं. फसवायला नाही हो! म्हणाले, "साहेबाच्या हाती घाण पाणी कसं देऊ जी?"

साहेब हसले, तेच पाणी प्यायले, वर चहाही घेतला आणि रिकामी बाटली घेऊन नमुना भरायला स्वतः गिरणीच्या नालीत उतरले. "काका, आधी टाक्या बांधा, पाणी साफ करा. तोवर परवानगी भेटणार नाही."

बाबा चार दिवस धुसफुसले. "चहा मी पाजला, अन् मलेच नाही म्हणते!" पण टाक्या बांधल्या, अन् तळं निवळलं.

साहेबांचं नावही आम्ही विचारलं नाही. आज त्यांच्या वाट्याचे शिंगाडे बाजूला काढून ठेवलेत. तुमच्यापैकी कोणाचे वडील तेव्हा अशी बाटली घेऊन गावोगाव फिरत होते काय?