रहाटाची कुरकुर

कुठलीही वस्तू हाती आली की आमच्या शेजारचे आबा आधी ती दोन बोटांत धरून हलवून बघत आणि मयताला आल्यासारखा चेहरा करून म्हणत, "ढिलं आहे." छत्रीचा दांडा, दाराची कडी, माझ्या दुकानातला तराजू, काहीही असो, निकाल ठरलेला. एकदा भटजींनी दात दुखतो म्हणून सांगितलं, तर यांचा हात नकळत पुढे झाला. भटजी वेळीच मागे सरले म्हणून दात वाचला.

गावात त्यांना सगळे फोरमन म्हणत. तोंडावर आबा, पाठीमागे फोरमन. खरं तर मुंबईला रेल्वेच्या कारखान्यात ते उभा जन्म कोठारातले कारकून होते. खिडकीतून समोरची धातू कातायची लेथयंत्रं दिसत, पण त्यांना हात लावायची कारकुनाला मुभा नव्हती. नोकरी संपल्यावर शहाणा माणूस काशीला जातो, नाहीतर भावाशी जमिनीवरून भांडतो. यांनी कुठल्याशा साहेबाच्या लिलावातून पायानं चालवायचं एक लहानसं लेथ घेतलं आणि बैलगाडीत पेंढा अंथरून, बाळंतिणीला आणावं तसं मुळशीला आणलं. बायको केव्हाच वारली होती, त्यामुळे ते कुठे ठेवायचं यावर घरात वाद झाला नाही. चुलीशेजारी ठेवलं.

त्यांचं घर आणि माझं किराणा दुकान यांच्यात एकच भिंत. सकाळी देवपूजा आटोपली की पलीकडे लेथचा पायटा सुरू व्हायचा आणि पितळ कातल्याचा तो दात शिवशिवणारा आवाज माझ्या गुळाच्या ढेपेपर्यंत पोचायचा. हौसेला मोल नसतं म्हणतात. शेजाऱ्याला ते असतं, पण शेजाऱ्याला कोण विचारतो?

बरं, करायचे काय, तर जे कुणी मागितलं नाही ते. पाटलांच्या काठीला पितळेचं टोक बसवलं. पाटील त्यानंतर काठी न टेकता खांद्यावर टाकून चालायला लागले, इतकी ती जड झाली. माझ्या रॉकेलच्या डब्याला त्यांनी नवीन झाकण करून दिलं. झाकण असं चपखल बसलं की संध्याकाळी गिऱ्हाईक बाटल्या घेऊन उभं आणि मी डबा मांडीत धरून घाम गाळतोय. ते शेजारी उभे राहून समाधानानं बघत होते. "बघा, जराही हलत नाही," म्हणाले. त्या दिवशी अर्ध्या गावानं अंधारात भाकरी खाल्ली आणि फोरमनच्या कौशल्याची चर्चा केली.

एकदा दुकानाच्या पायरीवर बसून ते मला म्हणाले, "अहो, एवढं शिकलो या वयात. कुणीतरी दारात यावं आणि म्हणावं, आबा, मला अमुक एक वस्तू करून द्या. एवढंच." मी हो हो म्हणत गूळ तोडत होतो. कुणाला काय करून हवं असणार? लोकांना पाऊस वेळेवर हवा होता आणि गाव बुडवणारं धरण नको होतं. या दोन्ही गोष्टी लेथवर होत नाहीत.

आता विहिरीचं सांगतो. ती विहीर आज धरणाच्या पाण्याखाली आहे, तेव्हा तुम्हाला जाऊन बघता येणार नाही. दोन दगडी खांबांवर आडवा लाकडी रहाट होता. त्याचा कणा खाचेत झिजलेला, त्यामुळे पाणी ओढताना तो अशी कुरकुर करायचा की वरच्या आळीपर्यंत ऐकू जावी. आमच्या गावच्या सासवांचं सगळं राज्य त्या कुरकुरीवर चालायचं. रहाट वाजतोय म्हणजे सून पाणी ओढतेय. थांबला म्हणजे गप्पा मारतेय. माझी आई ओट्यावर तांदूळ निवडत बसायची, डोळे सुपात आणि कान विहिरीवर. रहाट जरा जास्त वेळ गप्प राहिला की तिची हाक निघायची, आणि ती हाक रहाटापेक्षा लांब जायची. माझ्या बायकोला लग्न होऊन बरेच दिवस झाले होते, पण ती घरात "व्हय" आणि "न्हाई" यापलीकडे बोलत नसे. मला वाटायचं, स्वभावच अबोल असेल. नवऱ्यांना असं वाटून घेणं सोयीचं असतं.

एक दिवस फोरमन विहिरीवर गेले, रहाट दोन बोटांनी हलवून बघितला आणि निकाल दिला. मग कण्याच्या दोन्ही टोकांना पितळेची कडी कातून बसवली, तेल सोडलं, आणि रहाट लोण्यासारखा फिरायला लागला. आवाज नाही. आता गाव आपल्याला शाल-नारळ देणार अशा थाटात ते दोन दिवस धुतलेलं धोतर नेसून हिंडले.

गावानं दिलं ते वेगळंच. "रहाट मुका क्येला मेल्यानं," आई म्हणाली. "आता सुना पानी वढत्यात का तोंडं वाजीवत्यात, कसं कळायचं?" सगळ्या आळीतल्या सासवा पहिल्यांदाच एका मताच्या झाल्या आणि पाटलांकडे गेल्या. त्या सुमारास आमचा गाव बुडणार की राहणार याचा निकाल लागायचा होता. तो प्रश्न बाजूला ठेवून पंच रहाटाच्या कुरकुरीवर बसले. पाटलांच्या घरीही आई होती, त्यामुळे निकालाला वेळ लागला नाही. आवाज पहिल्यासारखा झाला पाहिजे, असं त्यांनी फोरमनना बजावलं. जन्मभर वरिष्ठांना "होय साहेब" म्हणालेला माणूस, तो दुसरं काय म्हणणार? संध्याकाळी पायरीवर येऊन बसले, पण माझी एकही वस्तू त्यांनी हलवून बघितली नाही. मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू?

पुढचं मला बायकोनं फार नंतर सांगितलं. ते कडी काढायला विहिरीवर गेले तेव्हा चार-पाच सुना पदर सावरून बाजूला झाल्या. त्या मुक्या रहाटानं त्यांना दोन घटका बसायला दिल्या होत्या. एकीला माहेरची खबर मिळाली होती, एक मूल गेल्यावर पहिल्यांदा कुणाजवळ तरी रडली होती. हे सगळं आता जाणार होतं. तेव्हा आमची ही, जी घरात बोलत नसे, पुढे झाली आणि म्हणाली, "आबा, आमाला एक वस्तू करून द्या. आवाज तर यावा, पर पानी वढायला लागू नये."

फोरमननी हातातला पाना खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, "केव्हापर्यंत पाहिजे?"

पलीकडचा पायटा त्या दिवसांत थांबला म्हणून नाही. एक खुंटी कातायचे, दुसऱ्या एका कड्यात फिरवून बघायचे, मान हलवून टाकून द्यायचे. आयुष्यात प्रथमच त्यांना वस्तू ढिली करायची होती, आणि किती ढिली, हे घट्ट करण्यापेक्षा अवघड निघालं. कधी उंदरासारखी वाजायची, कधी कावळ्यासारखी. शेवटी एका दुपारी भिंतीपलीकडून आमचा रहाट कुरकुरला. मी दचकून विहिरीच्या दिशेनं बघितलं.

ती खुंटी त्यांनी कड्यासकट विहिरीच्या खांबाच्या आतल्या अंगाला बसवली. दोराला आधार म्हणून, असं पाटलांना सांगितलं. एका हातानं फिरवली की झाली कुरकुर सुरू. पाटील खूश, सासवा खूश. रहाटाची कडी जागच्या जागीच आहेत का, याची चौकशी कुणी केली नाही. मी एकदा वाकडी वाट करून विहिरीवरून गेलो तर रहाट स्वस्थ उभा, एक पोरगी खुंटी फिरवतेय, आणि माझी अबोल बायको कसलीतरी नक्कल करून सगळ्यांना हसवतेय. नक्कल माझीच होती. मी आल्या पावली परत फिरलो.

फोरमन त्यानंतरच्या श्रावणात गेले. ताप आला, आणि पुरतं अंथरूण धरायच्या आत आटोपलं. पाऊस असा की तिरडीवर घोंगडी टाकून न्यावं लागलं. आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत. आम्ही विहिरीजवळ आलो आणि कुरकुर सुरू झाली. गावातल्या यच्चयावत सुना भिजत विहिरीभोवती उभ्या होत्या. हातात कळशी एकीच्याही नव्हती. त्या पाळीपाळीनं खुंटी फिरवत होत्या. पुरुषांनी माना खाली घातल्या आणि चालत राहिले. आम्ही नदीवर पोचेपर्यंत ती कुरकुर थांबली नाही.

घरी परतलो तेव्हा आई ओट्यावर होती. बायको अजून आली नव्हती आणि विहिरीकडून आवाज येतच होता. आता ही हाक मारणार, म्हणून मी आधीच म्हणालो, "पाणी भरतायत बाया. येईल एवढ्यात."

"मला नगं शिकवू," आई म्हणाली. "भरली घागर वर येताना रहाट दमतोय. ह्यो एकसारका वाजतुया. पयल्या दिसापासनं वळखलंय म्या."

मग एवढे दिवस बोलली का नाहीस, असं मी विचारलं.

आईनं सूप बाजूला ठेवलं, उठून सुनेसाठी कोरडं लुगडं दांडीवरून काढलं आणि म्हणाली, "म्या काय जल्मताच सासू हुते व्हय?"