फक्कीची रेघ

हे बायकोला ठाऊक नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा मी या विषयाला बगल देतो. आज तुम्हाला सांगतोय — मध्येच थांबलो तर पुन्हा धीर व्हायचा नाही.

वसमतला माझं वेल्डिंगचं दुकान आहे. हट्ट्याजवळच्या माळावर सिनेमावाले आले होते. जुना काळ, जादूगार राणी, तिची बंदूकधारी फौज — असला सिनेमा. ठासणीच्या बंदुका मुंबईहून आणलेल्या, दिसायला हुबेहूब. बार मात्र नुसता आवाजाचा आणि धुराचा. मला वेल्डिंगच्या कामाला बोलावलं होतं, मग त्या भरायचं कामही शिकवलं. आधी दारू, वर कागदाचा बोळा. कागदाशिवाय दुसरं काहीही घालायचं नाही, हे चारचारदा बजावलेलं. सगळे मला 'उस्ताद' म्हणायला लागले होते. मला ते फार आवडायचं. आणि आवडायचं म्हणूनच तर —

नाही, सरळच सांगतो.

दिगूदादा, माझा आतेभाऊ, समोरच्या, शत्रूच्या फौजेत उभा होता. मीच त्याला हौसेनं नेलं होतं. जमिनीवर फक्कीची, पांढऱ्या भुकटीची, रेघ मारलेली. तिच्या पलीकडे राहिलं की भीती नाही, असं सगळ्यांना सांगितलं होतं.

त्या संध्याकाळी ऊन उतरत आलं आणि कागद संपला. 'कागद नाही' एवढंच म्हणायचं होतं. पण उस्तादानं असं कसं म्हणायचं? शेजारच्या शेतात कापूस फुटला होता. मी तो तोडला, घाईघाईत सरकी काढली आणि बोळे करून नळ्यांत ठासले. सगळी सरकी निघाली होती का? नव्हती. ठासताना बोटांना कडक लागत होतं. मला कळत होतं.

बार उडाले. दादा डोळा धरून खाली बसला.

सगळे त्याच्याकडे धावले. आणि मी? मी आधी धुरात वाकून जळकी सरकी वेचली, खिशात घातली, मग धावलो.

"हा रेघ ओलांडून आला होता का?" सिनेमाच्या साहेबांनी विचारलं. दादा पलीकडेच होता, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी म्हणालो, "व्हय."

डोळा गेला. दवाखान्यात दादा माझी समजूत घालत होता — "धुरात कळलंच न्हाई बघ. माझंच चुकलं. तू काहून रडून राहिला?" मी त्याचा हात धरून बसलो.

दिवाळीत तो आमच्याकडे येतो. पोरं फटाके काढतात, की पुढचं मला पाठ आहे. दादा रांगोळीचा डबा मागतो. मी देतो. तो अंगणात वाकून रेघ ओढतो आणि लेकरांना सांगतो, "ह्याच्या पुढं यायचं न्हाई. मी गेल्तो, म्हणून डोळा गेला."

एका डोळ्यानं अंदाज येत नाही त्याला. रेघ वाकडीच जाते.

"सरळ आली का रे?" तो मला विचारतो.

मी म्हणतो, "व्हय."