पिवळ्या चाकाचं तेल

जुन्या मोटारीचं तेल कसं निवडावं, यावर हातखंब्याच्या माझ्या गॅरेजात बसून मी वर्षानुवर्षं नाकाने कांदे सोलत आलोय. चिमटीत घ्यावं, किती लांब तार धरतं ते बघावं, तापल्या पत्र्यावर थेंब टाकून वास घ्यावा. एवढं केलं की तेल कळलं, असा माझा समज होता.

शेजारच्या पाली गावच्या काकूंनी बोलावलं तेव्हा त्यांच्या पडवीत लाकडी चाकांची मोटार उभी होती. काकांच्या वडिलांची. काका तिच्यावरच चालवायला शिकले आणि जन्मभर त्यांनी ती राखली. आता अर्धांगाने त्यांची उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. काकू म्हणाल्या, "एकदा ह्यांना तिच्यात बसवून फिरवून आण रे. बाकी काय मागणं नाय."

इंजिन ठीक होतं, पण खाली कमानपाट्यांचे जोड, स्टिअरिंग, मागचा अ‍ॅक्सल, सगळं कोरडं पडलेलं. अ‍ॅक्सलमधलं दातेरी चाक पितळेसारख्या पिवळ्या धातूचं. ते गेलं तर दुसरं कुठेच मिळणार नव्हतं, म्हणजे काकांची फेरीही गेली.

मी तीन तेलं आणली. काकूंच्या तीन पितळी वाट्यांत ओतून चुलीच्या वैलावर ठेवली, गरम झाल्यावर कुठलं पातळ होतं ते बघायला. सगळ्यांत महागडं, नव्या ट्रकांचं तेल घट्ट राहिलं. तेच अ‍ॅक्सलमध्ये भरलं, आणि वाट्या तिथेच विसरून दुसऱ्या कामाला गेलो.

आठ दिवसांनी गेलो तर काकू वाटी घेऊन दारातच.

"दोन वाट्या आमसुलानं घासून लख्ख झाल्या. ही काळी ती काळीच. तुझ्या तेलानं वाटी खाल्लीन रे! हेच गाडीत घातलंस काय?"

मी वाटी उजेडात धरली आणि कळलं. नव्या तेलात गंधक मिसळलेलं असतं. ते लोखंडाला मानवतं, पिवळ्या धातूला नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा! तसाच गाडीखाली शिरलो, तेल काढलं, झाकण उघडलं. चाक काळवंडलं होतं, पण दात शाबूत होते. मग बिनगंधकाचं साधं तेल भरलं. काकूंनी उलट चहा दिला. त्याचीच मला जास्त लाज वाटली.

रविवारी काकांना माझ्या शेजारी बसवलं, काकू मागे. हातखंब्यापर्यंत जाऊन तिथून वळून परत यायचं ठरलं होतं. बाजार संपून चढ लागला. मी गिअर बदलायला क्लच दाबला, तर शेजारी काहीतरी हललं. काकांचा डावा पाय. पुढ्यात नुसती फळी, तरी दर गिअरला तो माझ्याआधी दाबला जात होता. एका चढावर मी उशीर केला, तर पाय दाबलेलाच ठेवून ते माझी वाट बघत राहिले. माझे डोळे भरून आले.

"काय झालं रे?" काकूंनी विचारलं.

"काका चालवतायत."

त्या पुढे वाकल्या. बराच वेळ त्या पायाकडे बघत राहिल्या.

"हातखंब्याला वळवू नको," त्या म्हणाल्या. "पुढे घे."