मागच्याच्या हातातलं घड्याळ

डोंगराच्या पायथ्याशी आलो की तो मनगटावरचं घड्याळ काढायचा आणि मागून चालणाऱ्याच्या हातावर बांधायचा. बहुतेक वेळा तो मागचा मीच असायचो.

"घ्या भाऊ. मी पडलो की माझ्या तोंडाकडं बघायचं नाय, काट्याकडं बघायचं. पाच मिनिटाच्या वर गेलं तर गाडी बोलवा. खाली असलं तर गप बसा."

त्याला फिट यायच्या. वाळूजच्या कंपनीत आम्ही बरोबरीचे. एकदा मशीनजवळ पडला, तेव्हापासून त्याला स्टोअरला बसवला. ते त्यानं कुरकुर न करता मान्य केलं. आमच्या ग्रुपबरोबरचा रविवारचा डोंगर मात्र सोडायला तो तयार नव्हता. गोळी चुकवायचा नाही, कड्याच्या अंगाला फिरकायचा नाही, एकटा चढायचा नाही. वर पोचल्यावर उलट आम्हालाच विचारायचा, "दम लागला का?"

तुम्हीही पाहिलं असेल, रस्त्यात कुणी फिट येऊन पडलं की सगळ्यात आधी धावून येते ती चप्पल. त्याला याची भयंकर चीड. म्हणून गोगाबाबाच्या टेकडीवर तो आमच्याकडून सराव करून घ्यायचा. स्वतः गवतात आडवा होऊन हातपाय झाडायचा आणि एक डोळा किलकिला ठेवून आमच्या चुका पकडायचा. कुणी हात दाबून धरले की उठून बसायचा.

"कुस्ती लावली का? सोडा. डोक्याखाली बॅग घाला, थांबलं की कुशीवर वळवा."

तोंडात बोट घालणाऱ्याला तो खरोखर चावायचा. आणि शेवटी ठरलेलं वाक्य: "कांदा भाजीत, चप्पल पायात. माझ्या नाकाशी दोन्हीचं काम नाय."

कन्नडच्या डोंगरात एकदा तो खरंच पडला. शेळ्या राखणारे एक बाबा जोडा हातात घेऊन धावत आले. मी आडवा उभा राहिलो. "बाबा, जोडा पायात!" एवढंच ओरडलो. दोन मिनिटांत झटके थांबले. आम्ही त्याला कुशीवर वळवलं. बऱ्याच वेळानं शुद्धीवर आला आणि पहिलं विचारलं, "किती?"

आमच्या ग्रुपच्या प्रमुखाची मात्र गाळण उडाली होती. "उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची?"

"तुमची मी घेतो, माझी तुम्ही घ्या," तो म्हणाला. "डोंगरात दुसरं काय असतंय?"

पुढच्या मोठ्या चढाईला प्रमुखानं त्याला फोन केला, "या वेळी घरीच आराम कर, सुखरूप राहशील." मी प्रमुखाच्या शेजारीच होतो. मी काही बोललो नाही. याची मला आजही लाज वाटते.

त्याच्या भावाचं कुटुंब चढाईच्या दिवशी लग्नाला गंगापूरला गेलं होतं. सकाळी तो घरात एकटा, पलंगावर झोपलेला. त्यात फिट आली. तोंड उशीत गेलं. कुशीवर वळवायला कुणी नव्हतं. आम्ही दहाजण तेव्हा डोंगरावर होतो, सगळ्यांना वळवता येत होतं. घड्याळ खिळ्याला टांगलेलं सापडलं.

लोक म्हणाले, असा आजार असलेल्या माणसानं जपून राहावं. मी भांडतो. जपून राहिला म्हणूनच गेला, असं तोंडावर सांगतो.

त्याच्या वहिनींनी ते घड्याळ मला दिलं. सराव आम्ही सोडला नाही. गवतात आता मी पडतो.

मागच्या महिन्यात एक मुलगी नवीन आली. टेकडी चढायच्या आधी सगळ्यांसमोर म्हणाली, "मला फिट येतात. घरचे नको म्हणत होते, तरी आलेय. चालेल का?"

सगळ्यांनी प्रमुखाकडे पाहिलं. माझ्यासमोर येऊन त्यानं हात पुढे केला. मी घड्याळ सोडून त्याच्या मनगटावर बांधलं, आणि तो जाऊन तिच्या मागे उभा राहिला.

"चल पोरी," तो म्हणाला. "मी काट्याकडं बघतो."