तेल जातं कुठे

गिअरमामांच्या बायकोच्या पोटातली गाठ काढायची ठरली आणि तिला आदल्या दिवशीच इस्पितळात दाखल केलं, तेव्हा मामांची पार घालमेल झाली. खोलीबाहेर त्यांनी इतक्या येरझाऱ्या घातल्या, की नर्सने वैतागून मेव्हणीला सांगितलं, यांना आधी घरी पाठवा. मेव्हणीने त्यांना गोडीगुलाबीने वाटेला लावलं.

मामा घरी गेलेच नाहीत. थेट गॅरेज गाठलं. जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांचे गिअरबॉक्स दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती. तिथे एका निवृत्त मुख्याध्यापिकेची लांबलचक गाडी उभी होती. नवऱ्याच्या माघारी बाईंनी ती जिवापाड जपली होती. पण हल्ली तिचा गिअर उशिरा पडायचा, तोही धक्का देऊन, आणि गिअरबॉक्सचं तेल सारखं कमी व्हायचं.

एरवी मामा गाडी आधी चालवून बघत, मागे उभं राहून धुराचा वास घेत. त्या दिवशी तेवढा धीर कुठला? हातांना काम हवं होतं. त्यांनी सरळ गिअरबॉक्स खाली उतरवला आणि खोलून टेबलावर मांडला. क्लचच्या चकत्या ठीक, सील ठीक. मामा एकेक चकती पुसून ठेवत, पुन्हा उचलून पुसत.

संध्याकाळी ते इस्पितळात परतले. दिवसभर काय केलंत, असं बायकोने विचारल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. शिवणयंत्रावर बसून तिने वर्षानुवर्षं गिअरबॉक्सच्याच गोष्टी ऐकल्या होत्या.

“खाली गळत नाही म्हणता?”

“थेंबही नाही.”

“मग तेल जातं कुठे?”

मामांना एकदम आठवलं. मागून पांढरा धूर येतो, असं बाई गाडी सोडतानाच म्हणाल्या होत्या. त्यांनी ते कानाआड केलं होतं. तेल इंजिन पीत होतं! गिअरबॉक्सला बाहेरून एक डबी असते, तिच्यात रबराचा पातळ पडदा, आणि तिथून इंजिनाकडे जाणारी नळी. पडदा फाटला की इंजिन त्या नळीतून तेल ओढून जाळतं, आणि गिअरही वेळेवर पडत नाही.

“नुसती डबी बदलून भागलं असतं,” ते म्हणाले. “मी उगाच सगळं खोलून बसलो.”

“घाबरलात म्हणून खोललंत. मीही घाबरलेय. बसा ना जरा.”

मामा बसले. भेटीची वेळ संपेपर्यंत उठले नाहीत.

शस्त्रक्रिया नीट पार पडली, पण गाठीचा रिपोर्ट यायचा होता. त्या दिवसांत मामा इस्पितळ आणि गॅरेज यांमध्ये नुसते भिरभिरत राहिले. गिअरबॉक्स जोडला, नवी डबी बसवली. नळी काढली तेव्हा ती आतून तेलाने चिंब होती. बाई गाडी न्यायला आल्या तेव्हा मामांनी सरळ सांगून टाकलं, की खोलायची गरज नव्हती, माझंच चित्त ठिकाणावर नव्हतं. बाई रागावल्या नाहीत. नवरा इस्पितळात होता तेव्हा त्या धुतलेलेच कपडे पुन्हा धूत बसायच्या, म्हणाल्या.

रिपोर्ट चांगला आला. बायको घरी आली आणि मामा तिच्या उशापाशी ठाण मांडून बसले. पाणी हवं का, उशी उंच करू का, दुखतंय का, एकसारखं चालू. शेवटी तिनेच कंटाळून त्यांना गॅरेजात पिटाळलं.